सर्टिफिकेट कोणाचे, काउंटरवर कोण?

तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो. कुंभवली, कोलवडे, पास्थळ, सरावली ही गावे या वसाहतीला खेटून आहेत आणि इथल्या पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस बल्क ड्रगच्या कंपनीत पाळीवर जातो. तिथे काम कसे चालते हे त्याला विचारावे. कोणत्या रिॲक्टरमध्ये किती किलो माल टाकला, तापमान किती होते, वजन कोणी केले, ते दुसऱ्या कोणी तपासले, हे सगळे बॅचच्या कागदांवर वेळेसह लिहिलेले असते आणि प्रत्येक नोंदीपुढे सही असते. एक सही राहिली तर क्वालिटीवाले माल पुढे सोडत नाहीत. हाच माल पुढे कुठल्या तरी कारखान्यात गोळी होतो, पाकिटात बंद होतो, घाऊक विक्रेत्याकडून बोईसरच्या एखाद्या मेडिकलमध्ये येतो आणि रात्री पाळी संपवून परतणाऱ्या त्याच कामगाराच्या हातात पडतो. ती गोळी त्याला कोणी दिली, देणाऱ्याला तो अधिकार होता का, आणि देण्यात चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे मात्र बहुतेक वेळा ना घेणाऱ्याला माहीत असते, ना देणाऱ्याला.

हे पुस्तक या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. औषध बनवणाऱ्यांच्या शिस्तीवर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. औषध हातात देणाऱ्याच्या शिस्तीवर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. फार्मासिस्टची नोंदणी कोण करते, त्याने व्यावसायिक गैरवर्तन केले तर त्याची चौकशी कशी होते, नाव कधी आणि कसे काढले जाते, परत कसे चढते, हे डी.फार्म. किंवा बी.फार्म. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनाही परीक्षेपुरतेच ठाऊक असते. रुग्णांना तर अशी काही यंत्रणा आहे याचीच कल्पना नसते.

सुरुवात त्या गैरवर्तनापासून करतो, जे या व्यवसायात सर्वांना माहीत आहे आणि ज्याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. मेडिकल काढायचे तर लायसन्ससाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. मालकाकडे पदवी नसते, म्हणून तो कोणाचे तरी सर्टिफिकेट ‘लावतो’. ज्याचे सर्टिफिकेट आहे तो दुसऱ्या गावी दुसरीच नोकरी करत असतो आणि महिन्याला ठरलेली रक्कम घेतो. भिंतीवर फ्रेममध्ये त्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि फोटो असतो. काउंटरवर असतो बारावी झालेला, हुशार, हात चालणारा मुलगा. डॉक्टरांचे अक्षर त्याला लागते, कोणते औषध कोणत्या खणात आहे हे पाठ असते. पण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजोबांना दुखण्यावर अमुक गोळी देऊ नये, किंवा आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर जिवावर बेतते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. औषधे आणि सौंदर्य प्रसाधने नियम, १९४५ मधला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. बिलावर त्याची सही हवी. भिंतीवरचा फोटो देखरेख करत नाही.

मी या प्रकाराला किरकोळ तडजोड मानत नाही. औषध चुकले, बॅच खराब निघाली, नशेसाठी गोळ्या विकल्या गेल्या, अशी प्रत्येक तक्रार तपासताना पहिला प्रश्न येतो तो त्या क्षणी जबाबदार माणूस कोण होता हा. सर्टिफिकेट भाड्याने दिलेले असेल तर या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, आणि पुढची सगळी चौकशी तिथेच लंगडी होते.

आता थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे औषध मिसळून देणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. तो डॉक्टरांच्या हाताखाली शिकायचा, काचेच्या बाटलीवर कागदी पट्टी लावून डोस दाखवायचा. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत १८४२ पासून वैद्यकीय शाळेत औषधशास्त्राचे शिक्षण होते, पण ब्रिटिश हिंदुस्थानात हा व्यवसाय कोणत्याही एका नोंदवहीत बांधलेला नव्हता. बाजारात भेसळीची औषधे इतकी वाढली की १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला आणि औषधावर कायदा हवा तसा औषध देणाऱ्यावरही हवा, असे सांगितले. पहिला कायदा १९४० साली आला. दुसऱ्याला स्वातंत्र्य उजाडावे लागले. फार्मसी कायदा ४ मार्च १९४८ रोजी अमलात आला आणि त्यानुसार १९४९ मध्ये भारतीय फार्मसी कौन्सिल स्थापन झाली.

कायदा आला तरी कंपाउंडर एका दिवसात गेले नाहीत. पहिल्या नोंदवहीत अनुभवाच्या जोरावर नावे घेण्याची सोय ठेवली होती आणि ती न्याय्य होती. त्या माणसांनी आयुष्य या कामात घातले होते. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे ही सक्ती कलम ४२ मध्ये होती, पण तिची तारीख राज्यांवर सोडली होती. राज्याने तारीख जाहीर केली नाही तरी १९७६ ची दुरुस्ती अमलात आल्यापासून आठ वर्षांनी हे कलम आपोआप लागू होईल, असे पुढे ठरले. म्हणजे १९४८ च्या कायद्याचा गाभा देशभर खऱ्या अर्थाने लागू व्हायला १९८४ उजाडले. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याला या कलमात सूट आहे. पालघरच्या पाड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत पुड्या बांधून देणारा मदतनीस आजही दिसतो, त्यामागे ही सूट आहे.

या पुस्तकाचा कणा म्हणजे फार्मसी कायद्याचे कलम ३६. नाव नोंदवहीतून काढण्याची तीन कारणे त्यात आहेत. नोंदणी चुकीने किंवा खोटी माहिती देऊन झाली असेल तर. फार्मासिस्टला एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा त्याने व्यवसायाला काळिमा फासणारे वर्तन केले असेल आणि त्यामुळे तो नोंदवहीत राहण्यास अपात्र ठरत असेल तर. आणि तिसरे म्हणजे त्याने आपल्या धंद्यात नेमलेल्या माणसाने असे काही केले असेल तर. तिसऱ्या कारणाला कायद्याने कुंपण घातले आहे. फार्मासिस्टची फूस होती, किंवा त्याला माहीत होते, किंवा वर्षभरात असे आधीही घडले होते, किंवा औषध कायदा पाळला जावा म्हणून त्याने पुरेशी काळजी घेतली नव्हती, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते.

चौकशी करते राज्य कौन्सिलची कार्यकारी समिती. समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. समितीचा आदेश पूर्ण कौन्सिलपुढे जातो, कौन्सिलने तो कायम केला तरी तीन महिने लागू होत नाही, आणि तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. नाव निघाले की सर्टिफिकेट परत करावे लागते आणि ते नाव राजपत्रात छापले जाते. कलम ३७ खाली नाव परत चढवण्याचीही वाट आहे. पोटापाण्याचा अधिकार काढून घेताना इतके टप्पे असलेच पाहिजेत. माझा आक्षेप वेगळा आहे. मूळ कायद्यात शिक्षा एकच आहे, नाव काढणे. काही वर्षांसाठी किंवा कायमचे. ताकीद, अटींवर काम, सक्तीचे प्रशिक्षण असे मधले उपाय या कलमात नाहीत. हाती फक्त कुऱ्हाड दिली की माणूस ती एक तर उचलत नाही, किंवा उचलली तर नको तिथे चालवतो.

आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे आहे; तिचे कार्यालय मुलुंडला आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून दिलेले सहा सदस्य, सरकारने नेमलेले पाच, वैद्यकीय परिषदेचा एक, आणि पदसिद्ध अधिकारी अशी राज्य कौन्सिलची रचना कायद्यात आहे. दुकानाचे लायसन्स मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या हाती. ड्रग इन्स्पेक्टर दुकान तपासतो, फार्मासिस्ट गैरहजर आढळला की कारणे दाखवा नोटीस निघते, नियम ६६ खाली लायसन्स काही दिवस निलंबित होते किंवा रद्द होते, आणि त्यावरचे अपील राज्य सरकारपुढे जाते. एक यंत्रणा दुकानाला शिक्षा करते, दुसरी नावाला. दोघींमध्ये कागद वेळेवर गेला नाही तर बोईसरच्या दुकानाला आठ दिवस कुलूप लागते आणि ज्याचे सर्टिफिकेट होते तो पुढच्या महिन्यात ते सफाळ्याच्या दुकानाला लावतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जो मालक फार्मासिस्ट नाही, त्याच्यावर कौन्सिलची हुकूमत चालत नाही. भाडे देऊन सर्टिफिकेट घेणारा, नोकरीवर ठेवलेल्या तरुण फार्मासिस्टवर ‘चिठ्ठी नसली तरी दे’ असा दबाव टाकणारा हाच असतो, आणि नोंदवहीत नावच नसल्याने नाव जाण्याची भीती त्याला नसते. शिस्तभंगाचा सगळा भार साखळीतल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसावर पडतो. पुस्तकातला हा विचार मला सर्वांत मोलाचा वाटला.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा थेट हात घातला होता. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष हजेरीचा आणि बिलाचा आग्रह धरला गेला, दुकाने तपासली गेली, लायसन्स निलंबित झाली. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले. इतके फार्मासिस्ट आहेतच कुठे, असा त्यांचा सवाल होता. तो अगदीच निराधार नव्हता, पण पूर्ण खराही नव्हता; फार्मसी कॉलेजे राज्यात भरपूर होती आणि आहेत, फक्त बाहेर पडणाऱ्यांना काउंटरवरच्या पगारात घर चालवता येत नाही म्हणून ते कारखान्यांकडे आणि कंपन्यांच्या मार्केटिंगकडे वळतात. तारापूरच्या कंपन्यांत असे कितीतरी जण भेटतात. पगाराचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ तपासणीने हा रोग बरा होणार नाही, हे त्या काळातून शिकण्यासारखे आहे. तरीही कायदा पाळायला लावता येतो हे त्या तीन वर्षांनी दाखवले, आणि ते श्रेय द्यायलाच हवे.

जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले आणि गैरवर्तन म्हणजे काय याची पहिल्यांदा नीट यादी झाली. काम करण्याचा इरादा नसताना सर्टिफिकेट दुकानाला देणे, एकच सर्टिफिकेट एकाहून अधिक दुकानांना लावू देणे, चिठ्ठ्यांच्या नोंदी पाच वर्षे न ठेवणे, रुग्णाने मागितल्यावर त्या ७२ तासांत न देणे, हे सगळे आता स्पष्टपणे गैरवर्तन आहे. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असेही त्यात आहे. रुग्णाशी औषधाबद्दल बोलणे, त्याला समजावणे, हे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. माझ्या मते या व्यवसायाच्या इतिहासात १९४८ नंतरचा हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

या क्षेत्रात जगभर साधारण तीन विचारधारा दिसतात. पहिली व्यवसायबंधूंची. ज्याला व्यवसायातले चांगले, जाणते लोक लाजिरवाणे मानतील ते गैरवर्तन, ही कसोटी लंडनच्या अपील न्यायालयाने १८९४ साली एका डॉक्टरच्या खटल्यात घालून दिली. आपल्या कलम ३६ ची भाषा त्याच घराण्यातली आहे. तिचे बळ असे की आतल्या माणसाला आतल्या लबाड्या कळतात. दोष असा की आपल्या माणसावर हात उचलताना तो थबकतो, आणि निवडून यायचे असेल तर अधिकच. दुसरी विचारधारा लायसन्स आणि इन्स्पेक्टरची. तिचे भले आणि वाईट दोन्ही मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले; त्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने १९८८ च्या अहवालात रुग्णालय, मंत्रालय आणि औषध प्रशासन या सगळ्यांतली सडलेली जागा दाखवली. तपासणाराच विकला जात असेल तर लायसन्सला अर्थ राहत नाही, हे त्या पानांतून कळते. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना तो अहवाल वाचायला लावला पाहिजे.

तिसरी विचारधारा नवी आहे. गुन्ह्याला शिक्षा करण्यापेक्षा हा माणूस आज सुरक्षितपणे काम करू शकतो का, हा प्रश्न ती आधी विचारते. ब्रिटनमध्ये २०१० पासून जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल हे काम व्यवसायाच्या संघटनेपासून वेगळे राहून करते. सुनावण्या साधारणपणे सर्वांसाठी खुल्या असतात, निकाल लोकांना वाचता येतात, आणि ताकीद, अटी, निलंबन, नाव काढणे अशा पायऱ्या आहेत. तिथे २००९ मध्ये एका फार्मासिस्टला प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलॉल दिल्याबद्दल फौजदारी शिक्षा झाली. चूक कबूल केली तर तुरुंग, अशा धास्तीने लोक चुका लपवू लागतील, ही जाणीव वाढत गेली आणि २०१८ साली प्रामाणिक चुकीला बचाव देणारी तरतूद झाली. हातून झालेली चूक आणि हेतुपूर्वक केलेली लबाडी यांत फरक करणे हे या विचारधारेचे मोठे देणे. आपल्याकडे नेमका हाच फरक सर्वांत धूसर आहे.

हे सगळे आज का वाचायचे? एक कारण प्रतिजैविके. २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मधल्या औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवावे लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, संख्या, आणि ते तीन वर्षे जपायचे. त्या यादीत वरच्या पिढीची प्रतिजैविके आहेत, क्षयरोगाची औषधे आहेत, अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या आहेत. परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या दाटीवाटीच्या चाळी असलेल्या बोईसरसारख्या गावात क्षयाचे औषध कोणाला, किती आणि किती दिवस दिले याची खरी नोंद ही सार्वजनिक आरोग्याची गोष्ट आहे. हजर नसलेल्या फार्मासिस्टच्या नावाने संध्याकाळी एकदम भरलेले रजिस्टर पुढच्या माणसाला फसवते. दुसरे कारण घरपोच औषध. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला, अजून अंतिम नियम झालेले नाहीत, आणि मोबाइलवरून मागवलेल्या औषधामागे कोणता फार्मासिस्ट उभा आहे हे ग्राहकाला दिसत नाही.

न्यायालयेही जागी झाली आहेत. बिहारमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले की रुग्णालये आणि मेडिकल नोंदणीकृत फार्मासिस्टच चालवतील हे पाहणे राज्य सरकारचे आणि फार्मसी कौन्सिलचे कर्तव्य आहे. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने कलम ४२ चा एक हजाराचा जुना दंड दोन लाखांपर्यंत नेला. त्याच वर्षी राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला. नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ त्यात सुचवले आहे. आणि पंजाबात त्याच वर्षाच्या अखेरीस खोट्या नोंदण्यांच्या प्रकरणात कौन्सिलच्याच माजी निबंधकांना अटक झाली. नोंदवही राखणारेच तिच्यात खोटी नावे घालू लागले तर कलम ३६ चा पहिला मुद्दा कोणी कोणावर चालवायचा?

या पार्श्वभूमीवर लेखकांनी जे केले आहे ते साधे आणि अवघड आहे. कायद्याची कलमे त्यांनी दुकानाच्या काउंटरवरून वाचली आहेत. तक्रारीचा कागद रुग्णाच्या हातून निघून कुठे कुठे जातो, कुठे अडतो, फार्मासिस्टने नोटिशीला उत्तर कसे द्यावे, मालकाच्या दबावाला लेखी नकार कसा नोंदवावा, हे ते क्रमाने सांगतात. फार्मासिस्टला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा त्यांचा सूर नाही. प्रामाणिकपणे काउंटरवर उभ्या राहणाऱ्याला या शिस्तीतून संरक्षण मिळते, कारण भाड्याचे सर्टिफिकेट बंद झाल्याशिवाय त्याच्या पगाराला किंमत येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. रुग्णालयांतल्या आणि कारखान्यांतल्या फार्मासिस्टच्या प्रश्नांना पुस्तकात कमी जागा मिळाली आहे. तारापूरशेजारी राहणाऱ्याला ते जाणवते, आणि त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हावे असे मी सुचवेन.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक पहिली नोकरी घेण्याआधी वाचावे, सर्टिफिकेट कोणाच्याही हातात देण्याआधी तर नक्कीच. बाकीच्या वाचकांना एक विनंती. मेडिकलमध्ये गेल्यावर बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि सही आहे का पाहा, आणि फार्मासिस्ट कोण आहेत हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुकानाचे नाव, तारीख आणि बिलाची प्रत जोडून साध्या कागदावर दोन तक्रारी लिहा, एक अन्न व औषध प्रशासनाला आणि दुसरी मुलुंडच्या कौन्सिलला. दोन्हीकडे लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

कुंभवली, ता. पालघर